नवी सिस्टर आणि पहिली नाइट: पदवी हातात असूनही परिचारिकांचं पहिलं वर्ष इतकं कठीण का जातं?

चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, परीक्षा, नोंदणी आणि मग एका रात्री अख्ख्या वॉर्डात एकटी. ‘आजकालच्या नव्या सिस्टर तयार नसतात’ असं आपण सहज म्हणतो. पण तयार व्हायला त्यांना वेळ कोण देतं? समजून घेऊया.

माझी मामेबहीण आणि मी एकाच वर्षी बारावी झालो. मी इंजिनीअरिंगला गेलो, ती बी.एस्सी. नर्सिंगला. दोन्ही अभ्यासक्रम चार वर्षांचे. दोघांनाही पहिली नोकरी पुण्यातच लागली, तीही महिन्याभराच्या अंतराने.

मला कंपनीने पहिले तीन महिने नुसतं ट्रेनिंग दिलं. त्यानंतरही मी लिहिलेल्या कोडची प्रत्येक ओळ आधी एक सीनियर तपासायचा, मग ती पुढे जायची. ग्राहकाच्या चालू सिस्टीमला हात लावायची परवानगी मिळाली तेव्हा नोकरीला सहा महिने झाले होते. माझी चूक झालीच असती तर काय झालं असतं? फार तर एखाद्या ॲपवर कुणाचं बिल उशिरा दिसलं असतं. (पुढे मी ती नोकरी सोडून बातम्यांकडे वळलो, पण तो वेगळा विषय.)

तिला रुग्णालयाने दोन दिवसांचं ‘ओरिएंटेशन’ दिलं. पहिला दिवस एचआरचे फॉर्म आणि युनिफॉर्मच्या मापात गेला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर औषधांचं इंडेंट कसं टाकायचं ते दाखवलं. नवव्या दिवशी तिला नाइट लागली. मेडिकल वॉर्ड, २६ रुग्ण. सोबतची सिस्टर आजारी असल्याने आली नाही. बदली मिळाली नाही. वॉर्डात ती आणि एक मावशी.

“अरे, तुझं कोड चुकलं तर ‘अनडू’ करता येतं ना?” तिने मला नंतर एकदा विचारलं होतं. “मी एकदा सिरिंज दाबली की दाबली.”

या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. नवी परिचारिका कमी पडते, कारण पहिल्या दिवसापासून ड्युटीच्या तक्त्यात तिला ‘एक पूर्ण माणूस’ म्हणून मोजलं जातं. तिला शिकलेलं असतं, पण मुरलेलं नसतं. मुरायला लागणारं वर्ष आपल्या व्यवस्थेत कुठेच धरलेलं नाही.

(लेखात सोयीसाठी ‘ती’ म्हटलं आहे. नव्या ब्रदरची गोष्ट वेगळी नाही.)

कॉलेजात काय शिकवतात आणि वॉर्डात काय लागतं?

बारावीनंतर या व्यवसायात येण्याचे मुख्य रस्ते तीन. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. राज्यात बी.एस्सी.ची पदवी नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं आणि काम सुरू करण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते.

अभ्यासक्रमात शरीररचनेपासून मानसोपचारापर्यंत सगळं असतं. विद्यार्थिनी रुग्णालयात पोस्टिंगलाही जातात. पण विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात असणं आणि ड्युटीवर असणं यात मोठा फरक आहे. विद्यार्थिनीला दोन-तीन रुग्ण दिले जातात. ती त्यांचा अभ्यास करते, केअर प्लॅन लिहिते, ट्यूटर तो तपासतात. ड्युटीवरच्या सिस्टरला मात्र २६ जणांपैकी आत्ता, या मिनिटाला, आधी कुणाकडे जायचं हे ठरवायचं असतं. हा प्रश्न पुस्तकात नसतो आणि परीक्षेतही येत नाही.

त्यातही सगळी कॉलेजं सारखी नाहीत. ज्या कॉलेजला स्वतःचं गजबजलेलं रुग्णालय आहे, तिथल्या मुलींचा हात बसतो. जिथे रुग्णच कमी, तिथे सलाईनसाठी व्हेन शोधण्याचा सराव बाहुल्यावर होतो. बाहुल्याची व्हेन कधी पळत नाही. डिहायड्रेशन झालेल्या आजीबाईंची पळते. केंद्र सरकारने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं जाहीर केली. जागा वाढायलाच हव्यात. पण त्या मुलींना हात बसायला पुरेसे रुग्ण आणि शिकवायला पुरेसे ट्यूटर मिळणार का, हे तितक्याच जोरात विचारलं पाहिजे.

भाषेचाही एक घोळ आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी चार वर्षं झगडून इंग्रजी शब्द पाठ करते. वॉर्डात आल्यावर रुग्ण म्हणतो, “छातीत कळ आली”, “पोटात मुरडा मारतोय”, “गरगरतंय”. ते नेमकं ओळखून डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं आणि डॉक्टरांचं उत्तर पुन्हा नातेवाइकांना कळेल अशा मराठीत उतरवायचं. हे कौशल्य कुठल्याच विषयाच्या गुणपत्रिकेत दिसत नाही, पण दिवसातून पन्नास वेळा लागतं.

या धक्क्याला नावही आहे

मार्लिन क्रेमर या अमेरिकी परिचारिका-संशोधकाने १९७४ मध्ये ‘रिॲलिटी शॉक’ नावाचं पुस्तक लिहिलं. परिचारिका हा व्यवसाय का सोडतात, हा त्याचा विषय. त्यांनी मांडलेला क्रम साधारण असा: आधी नव्या नोकरीचं अप्रूप, मग धक्का, मग हळूहळू सावरणं आणि शेवटी एक प्रकारची तडजोड. पुस्तकाला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी आपल्या वॉर्डात हा क्रम जशाच्या तसा दिसतो.

दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वैमानिक आणि बुद्धिबळपटू कसे तरबेज होतात यावर ड्रायफस बंधूंनी एक मांडणी केली होती. बेनर यांनी ती परिचारिकांना लावून पाहिली. नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या. एकाच प्रकारच्या वॉर्डात साधारण दोन-तीन वर्षं काम केल्यावर परिचारिका तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ‘सक्षम’ या टप्प्यावर येते, असं त्यांचं म्हणणं.

अनुभवी सिस्टर वॉर्डात नुसती फेरी मारते आणि म्हणते, “अकरा नंबर मला बरा वाटत नाही.” बीपी अजून ठीक असतं, नाडी थोडीच वाढलेली असते. पण रुग्णाचं कूस बदलणं, घाम, बोलताना मध्येच थांबणं हे तिने शेकडो वेळा पाहिलेलं असतं. नवीला तेच आकडे दिसतात, त्यांचा अर्थ अजून दिसत नाही. हा हुशारीचा प्रश्न नाही. हे फक्त पाहून पाहून येतं, आणि पाहताना शेजारी दाखवणारं कुणी असेल तर लवकर येतं.

एका रात्रीचं गणित

इंजिनीअरची सवय म्हणून मी तिच्या त्या रात्रीचा हिशेब मांडून पाहिला. बारा तासांची नाइट म्हणजे ७२० मिनिटं. येताना ‘ओव्हर’ घ्यायला अर्धा तास, जाताना द्यायला अर्धा तास. उरली ६६० मिनिटं. भागिले २६ रुग्ण. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २५ मिनिटं. जेवण नाही, बाथरूम नाही, असं धरून.

या २५ मिनिटांत काय काय बसवायचं? तापमान, नाडी, श्वास, बीपी, रात्री आणि पहाटे असं दोनदा. ठरलेल्या वेळेची इंजेक्शनं. लघवीचं माप. शुगर. सकाळी सहाच्या आत रक्ताचे नमुने. नवा रुग्ण आला तर त्याची फाइल. आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, कारण या व्यवसायातला पहिला धडाच असा की, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही.

त्यात सलाईन. इन्फ्युजन पंप प्रत्येक बेडला नसतो, मग घड्याळ बघत थेंब मोजायचे. ५०० मिलीची बाटली सहा तासांत द्यायची आणि सेट एका मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण २८ थेंब. गणित सोपं आहे. पण दहा बेडना दहा वेगळे वेग, आणि रुग्णाने हात वाकवला की वेग बदलतो.

मग नियम काय सांगतो? नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांच्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हे ऐकायला छान वाटतं. पण ही संख्या एकूण नेमणुकांची आहे. पाचाला एक धरलं तर २६ बेडना पाच-सहा जणी. त्या तीन पाळ्यांत वाटा, साप्ताहिक सुट्ट्या काढा. रात्रीच्या वाट्याला एक, फार तर दोन. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी रात्र अशीच जाते, आणि जागा रिकाम्या असतील तर विचारायलाच नको.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हे निकष डोकी मोजतात, अनुभव मोजत नाहीत. पंधरा वर्षं वॉर्ड सांभाळलेली सिस्टर म्हणजे एक आणि नऊ दिवसांपूर्वी रुजू झालेली म्हणजेही एकच. तक्ता भरलेला दिसतो.

चूक होता होता राहते तेव्हा

रुजू झाल्यावर दीड महिन्याने तिच्या हातून एक गोष्ट होता होता राहिली. ती तिने मला दोन वर्षांनी सांगितली.

इन्सुलिनच्या काही बाटल्यांत एका मिलीत ४० युनिट असतात, काहींत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वालीचं केशरी. वॉर्डात ४० च्या सिरिंज होत्या. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून १०० ची बाटली आणली. ऑर्डर १२ युनिटची. तिने ४० च्या सिरिंजवर १२ च्या खुणेपर्यंत औषध भरलं. खूण बरोबर, औषध मात्र ३० युनिट. अडीचपट. शेजारच्या वॉर्डातली सीनियर सिस्टर बीपीचं मशीन मागायला आली होती, तिने बाटलीकडे पाहिलं आणि हात धरला. त्या रात्री ते मशीन बंद पडलं नसतं तर रुग्णाची साखर धोकादायक पातळीला गेली असती.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच ‘योग्य’ प्रत्येक मुलगी पहिल्या वर्षी पाठ करते. तिलाही पाठ होते. पण पहाटे साडेपाचला, चौथ्या नाइटला, तीन नातेवाईक एकाच वेळी हाक मारत असताना पाठांतर पुरत नाही. म्हणून इन्सुलिनसारखी जोखमीची औषधं दोघींनी मिळून तपासायची पद्धत आहे. ती एकटी असेल तर दुसरी कुठून आणणार?

ती सीनियर काही बोलली नाही. हिनेही कुणाला सांगितलं नाही. रजिस्टरमध्ये नोंद नाही. कारण ‘नोंद केली तर मेमो मिळेल’ हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली होती. म्हणजे त्या वॉर्डात पुन्हा १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज एकत्र आली, तर पुढच्या मुलीला सावध करणारं काहीही मागे राहिलं नाही. सॉफ्टवेअरमध्ये अशी चूक सापडली की आम्ही तिची नोंद करायचो, बैठक घ्यायचो, पुन्हा होऊ नये म्हणून तपासणी बसवायचो. तिथे बिलाचा प्रश्न होता, इथे जिवाचा आहे.

सुई टोचण्याचंही तसंच. वापरलेली सुई बोटात गेली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, लगेच कळवायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लस आधीच पूर्ण झालेली हवी. नवी मुलगी मात्र पुष्कळदा बोट धुऊन गप्प बसते. “निष्काळजी” हा शिक्का नको असतो.

आणि ही भीती हवेतून येत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. कारवाई झालेल्यांत कंत्राटी परिचारिकाही होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्णांचा मृत्यू झाला. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी महिलेला आणि तीन परिचारिकांना. कुणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण वायरिंग, अग्निसुरक्षा, मनुष्यबळ यांतलं काहीच परिचारिकेच्या हातात नसतं आणि हातकडी मात्र तिच्यापर्यंत लवकर पोचते, असा निष्कर्ष राज्यातल्या प्रत्येक हॉस्टेलमध्ये काढला गेला.

रात्री दोनला डॉक्टरांना फोन करायचा की नाही?

नव्या परिचारिकेचा सगळ्यात अवघड निर्णय हाच असतो, असं मला अनेकींनी सांगितलं. फोन केला आणि काही विशेष नसलं तर ऐकून घ्यावं लागतं. नाही केला आणि रुग्ण बिघडला तर जबाबदारी तिची.

यावर एक साधी पद्धत आहे, ‘एसबार’. चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय झालंय, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं आणि मला तुमच्याकडून काय हवंय. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून वैद्यकीय क्षेत्रात आली. तिसरा आणि चौथा मुद्दा महत्त्वाचा, कारण त्यात कनिष्ठ माणसाला आपलं मत मांडायची मुभा आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘सर, पेशंट बघायला या ना’ एवढंच सांगायची हिंमत असते आणि पलीकडून प्रश्न येतो, “नवीन आहेस का?”

ज्या रुग्णालयात डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात, ‘शंका आली की फोन करा, रागावणार नाही’, तिथे मुली टिकतात. यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

पहिला मृत्यू

तिच्या चौथ्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला एक आजोबा गेले. संध्याकाळी त्यांनी तिला पेपरमिंटची गोळी दिली होती. सीपीआर झाला, डॉक्टरांनी वेळ लिहिली. मग नळ्या काढणं, अंग पुसणं, डोळे मिटवणं, कापडात गुंडाळणं. मावशींनी दाखवलं तसं तिने केलं. सहा वाजता ती चौदा नंबरला इंजेक्शन देत होती. साडेआठला ओव्हर देताना तिने ‘बेड सात, एक्स्पायर्ड’ असं सांगितलं आणि पुढच्या बेडवर गेली.

तिला कुणी विचारलं नाही, ‘ठीक आहेस ना?’ विचारायला कुणी वाईट नव्हतं, वेळच नव्हता. हॉस्टेलवर जाऊन ती युनिफॉर्मसह झोपली. मामीचा फोन आला तेव्हा “ड्युटी छान झाली” म्हणाली.

पगार, बाँड आणि कंत्राट

२०१६ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न केंद्राकडे सोपवला. त्यानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली ती अशी:

• २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतकं वेतन
• १०० ते २०० खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी
• ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी
• ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान २० हजार रुपये

या शिफारशी होत्या, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली. केरळमध्ये परिचारिकांनी दीर्घ लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान २० हजारांची अधिसूचना काढली. आपल्याकडे आजही लहान शहरांतल्या नर्सिंग होममधल्या नव्या मुलीला तिचा पगार विचारून बघा. ती आधी इकडेतिकडे बघेल.

भरीला बाँड. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात, ‘वर्ष-दीड वर्षाआधी सोडलंत तर इतके भरा’ म्हणतात. शिकवण्यावर दोन दिवस खर्च करायचे आणि सोडून जाण्याची भरपाई मात्र दीड वर्षाची मागायची, हा व्यवहार कसा समजायचा? सरकारी रुग्णालयांत कायम पदांची वाट पाहत कंत्राटावर काम. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या होत्या, त्याचं एक मुख्य कारण बाह्यस्रोतांमार्फत भरतीला विरोध हे होतं. अकरा महिन्यांची ऑर्डर असलेल्या मुलीला शिकवण्यात कुणाला रस असणार?

आणि आपण, नातेवाईक

इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी. गेल्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ती होती. रात्री दोनला सलाईन संपलं, नळीत रक्त वर यायला लागलं. मी बेल दाबली. पुन्हा दाबली. वीस मिनिटांनी सिस्टर आली. वयाने बावीस-तेवीस असेल. मी तिच्यावर ओरडलो. “पैसे कशाचे घेता?” असं म्हणालो. बहिणीची पहिली नाइट मला तपशिलात माहीत होती, तरी ओरडलो.

ती “सॉरी सर” म्हणाली, लाइन फ्लश केली, नवी बाटली लावली आणि गेली. सकाळी कळलं, त्या वेळी तीन खोल्या सोडून एका रुग्णाला फिट आली होती आणि मजल्यावर ती एकटीच होती.

ओरडणं ही सौम्य बाजू. परिचारिकांसह आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला झाला तर राज्याच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र आहे. पण शिवी, धमकी, अंगावर धावून जाणं यासाठी कुणी नवी मुलगी पोलिसांत जात नाही. आणि धोका बाहेरूनच येतो असंही नाही. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच, तिथल्याच कर्मचाऱ्याने हल्ला केला. पुढची जवळपास ४२ वर्षं, १८ मे २०१५ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची सेवा केली. त्या निष्ठेचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण रात्री ड्युटी संपवून कपडे बदलायला नीट कडी लागणारी खोली प्रत्येक रुग्णालयात आहे का, हे आजही विचारावं लागतं.

“आम्हीही असंच शिकलो”

हा लेख लिहिताना अनुभवी सिस्टरांशी बोललो, तेव्हा हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं. “आम्हालाही कुणी हात धरून शिकवलं नाही. पाण्यात पडलं की पोहता येतं.” त्यांच्या कष्टांबद्दल शंका नाही. मात्र या पाण्यात मुलगी एकटी पडत नाही, तिच्या पाठीवर रुग्ण असतो. शिवाय तेव्हाच्या वॉर्डात इतकी यंत्रं, इतकी औषधं, इतके गंभीर रुग्ण नव्हते, हे त्याच सिस्टर पुढच्या वाक्यात सांगतात.

रुग्णालय चालवणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे: “शिकवतो आम्ही आणि वर्षभरात मुलगी आखातात किंवा जर्मनीला जाते.” खरं आहे. पण ती फक्त पगारासाठी जाते का? इंग्लंडच्या एनएचएसने २०२२ मध्ये नव्या परिचारिकांसाठी राष्ट्रीय ‘प्रीसेप्टरशिप’ चौकट आणली. प्रीसेप्टर म्हणजे नवीसोबत ठरवून दिलेली अनुभवी परिचारिका, जिला विचारायला लाज वाटू नये अशी. अमेरिकेत अनेक रुग्णालयांत साधारण वर्षभराचा ‘नर्स रेसिडन्सी’ कार्यक्रम असतो. तिथे नवीला नवी म्हणून वागवतात, ही गोष्ट आपल्याकडच्या मुलींना माहीत आहे.

मग काय करता येईल?

१. पहिले काही आठवडे तक्त्याबाहेर. नवी परिचारिका ड्युटीवर असेल, पण मोजणीत नसेल. ती आली नाही तरी वॉर्ड चालला पाहिजे. आयसीयूमध्ये हा काळ जास्त हवा.

२. पहिले तीन महिने एकटीने नाइट नाही. सोबत किमान एक अनुभवी परिचारिका. हा नियम लेखी हवा, इन्चार्ज सिस्टरच्या मर्जीवर नको.

३. प्रीसेप्टरला कामात सूट आणि मोबदला. आज शिकवणं म्हणजे सीनियरच्या डोक्यावर फुकटचा बोजा आहे. म्हणून ती चिडते, आणि राग नवीवर निघतो.

४. चूक कळवणारीला शिक्षा नाही. थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद नावाशिवाय करता यावी आणि महिन्यातून एकदा त्यावर चर्चा व्हावी.

५. निकषांत अनुभवाची अट. कोणत्याही पाळीत नव्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त नको.

हे घडवायला संधी आहे. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी यांच्यासोबत ‘पहिलं वर्ष’ हा स्वतंत्र टप्पा त्याखालच्या नियमांत धरला, तर हा प्रश्न रुग्णालयाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणार नाही. एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला आपण एक वर्ष इंटर्नशिप देतो, कारण पुस्तक आणि रुग्ण यांच्यामधलं अंतर आपल्याला मान्य आहे. बी.एस्सी. नर्सिंगमध्येही शेवटच्या सत्रात इंटर्नशिप आली आहे, हे चांगलं पाऊल. पण ती कॉलेजची विद्यार्थिनी म्हणून. नोकरीच्या पहिल्या रात्री तिच्या शेजारी कोण उभं असेल, याचं उत्तर त्यात नाही.

आणि आपल्यापुरतं? घरचं माणूस दाखल करताना आपण एसी आहे का, टीव्ही आहे का, जेवण कसं आहे हे विचारतो. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा: “या मजल्यावर रात्री किती सिस्टर असतात आणि त्यांत अनुभवी किती?” हा प्रश्न काउंटरवर विचारायचा, मॅनेजरला विचारायचा. रात्री दोनला समोर आलेल्या मुलीला नाही.

आईला डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी मी त्या सिस्टरला शोधून माफी मागितली. ती गोंधळली. “नाही सर, उशीर झालाच होता,” म्हणाली. किती दिवस झाले इथे, असं विचारलं. म्हणाली, “सतरा.”

माझी बहीण आता पाच वर्षांची अनुभवी आहे. तिच्या वॉर्डात नवी मुलगी आली की ती पहिल्या दिवशी तिला लाल आणि केशरी टोपणाच्या दोन सिरिंज शेजारी शेजारी ठेवून दाखवते. रुग्णालयाने तिला तसं सांगितलेलं नाही.